दुधाचं सोवळं

माणसं अठराव्या-विसाव्या वर्षी मोठी होतात म्हणे. मला त्यासाठी चोपन्न वर्षं लागली, आणि सातारा सोडून पार मिशिगनमधल्या ट्रॉयपर्यंत जावं लागलं. त्याआधी मी नुसती वयाने वाढले होते. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, सून आली, नात झाली, पण आतली बाई तीच राहिली: सगळं आपल्यालाच कळतं असं मानणारी, कंबरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणारी. आज शहात्तरी ओलांडल्यावर मी त्या बाईकडे बघते तेव्हा तिचा कान पिळावासा वाटतो. कधी कधी नुसत्या कान पिळण्याने भागणार नाही असंही वाटतं.

आम्ही दोघं ट्रॉयला गेलो ते सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. मुलगा समीर तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, सून अदितीचे दिवस भरत आलेले, आणि थोरली नात इरा साडेतीन वर्षांची. इराला दूध आणि अंडं चालत नाही हे फोनवर ऐकलं होतं. मला वाटलं होतं, मला वांग्याने तोंडाला खाज सुटते तसलंच काहीतरी असेल. विमानतळावरून घरी जाताना अदितीने गाडीतच सांगितलं, "आई, चमचाभर दूध पोटात गेलं तरी तिचा श्वास अडकतो. मागच्या वर्षी दोनदा अँब्युलन्स बोलवावी लागली." माझ्या पिशवीत तेव्हा कंदी पेढ्यांचे दोन पुडे होते. सातारच्या बाईने नातीकडे रिकाम्या हाताने जायचं का? अदितीने ते पुडे घरात येऊच दिले नाहीत, गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि मला बाहेरच्या बाहेर ओल्या पुसण्याने हात पुसायला लावले. मी मनात म्हटलं, आली मोठी शहाणी.

पण चार दिवसांत मी तिच्या बाजूला गेले, आणि महिन्याभरात तिच्याही चार पावलं पुढे. याचं श्रेय माझ्या सासूबाईंना. सासूबाई कडक सोवळ्याच्या. पहाटे आंघोळ करून मुकटा नेसायचा, तो मुकटा आदल्या दिवशी काठीने उंच वलनीवर वाळत घातलेला, त्याला घरातल्या कुणाचा वारा लागायला नको. नैवेद्य दाखवून होईस्तोवर त्यांना कुणी शिवायचं नाही. मी नवी नवरी असताना एकदा मार्गशीर्षातल्या थंडीत मुद्दाम, निव्वळ खोडी म्हणून, त्यांच्या दंडाला एक बोट लावलं होतं. बाई बंबातलं पाणी संपलेलं म्हणून गार पाण्याने परत न्हायल्या. मी मोरीच्या भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसत होते. तर त्या सासूबाईंच्या सुनेला ट्रॉयमधल्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर लख्ख कळलं, की हे तर सोवळंच आहे. फक्त देव नाही, इरा आहे. आणि ओवळं काय, तर दूध.

मग काय विचारता! मी लाकडी डाव, पोळपाट, चिरा गेलेल्या प्लास्टिकच्या वाट्या सगळं काढून टाकलं, कारण लाकडात तूप मुरतं. इराची भांडी वेगळी, घासणी वेगळी, हात पुसायचा नॅपकिन वेगळा. बाहेरून आलेल्या माणसाने आधी साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच घरात वावरायचं. दुकानात चष्मा नाकावर ओढून मी पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचायची. 'व्हे' आणि 'केसीन' हे दूध लपवणारे दोन इंग्रजी शब्द मला आडनावासारखे पाठ झाले होते. ते दिसले की पाकीट परत फळीवर. ब्रेडमध्ये दूध, बिस्किटात दूध, एका कंपनीच्या बटाट्याच्या वेफर्समध्येसुद्धा दूध. अदिती आधी हसली, "आई, एवढं स्ट्रिक्ट तर आमचे डॉक्टर पण नाहीत." मग बाळ झालं. अंगावर पाजतानाही दूधदुभतं वर्ज्य करा असं डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून." झालं. त्या तीन शब्दांनी माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती पुढे सहा महिने उतरली नाही.

आणि मी रांधायलाही लागले, खोटं कशाला सांगू. साताऱ्यात माझ्याकडचा ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट होतं. इथे मी त्याच्याशी झुंज घेतली. अंड्याशिवाय आणि दुधाशिवाय केक फुगत नाही असं म्हणतात. माझा पहिला केक इतका नाही फुगला, की समीरने तो दारामागे लावून बघितला आणि दार अडलं. दुसरा फुगला आणि मधोमध खचला. तिसऱ्याला मला जवस आठवला. आपण चटणी करतो तोच जवस. दळून पाण्यात भिजत घातला की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरतो. त्यात तेल, सफरचंदाचा गर, खायचा सोडा आणि वरून एक चमचा व्हिनेगर. घर तापवणारी भट्टी चालू व्हायची, तळघरातून गरम हवेचा घुंईऽऽ असा आवाज यायचा, बाहेर रस्त्यावर बर्फ ढकलणारा ट्रक खरवडत जायचा, आणि मी नि इरा ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसायचो. "Aaji, it's growing!" ती म्हणायची. मी म्हणायचे, "बोलू नकोस, दृष्ट लागेल त्याला." बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मी खोबरेल तेलात वळले, पुरणपोळी तेलावर भाजली, खीर नारळाच्या दुधाची केली. चव? बरी होती. तुपाची सर येत नाही, पण तेव्हा तसं कुणी माझ्यासमोर म्हणायची टाप नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल. इतका वेळ टाळत होते, माझं मलाच कळतंय. हे शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्त झालेले. अंगाने किडकिडीत, त्यावर भरघोस पांढरी मिशी, आणि तिसरं व्यसन नसलेल्या ह्या माणसाला दोन व्यसनं: दूध आणि इरा. लहानपणी घरात म्हैस होती, त्यामुळे जेवणाच्या शेवटी दूधभात झाल्याशिवाय ह्यांचं पान पुरं व्हायचं नाही. इराचं तर काय, दिवसातून पन्नासदा पापे. आधी उजव्या गालाचा, मग डाव्या, मग मानेवर मिशी घासून गुदगुल्या. ती किंचाळायची, "Stop it, Ajoba! Again!" ट्रॉयला गेल्यावर ह्यांच्या दुधाचं काय करायचं असा प्रश्न आला. मी उदार मनाने तळघरातल्या छोट्या फ्रीजमध्ये ह्यांची दुधाची बाटली ठेवू दिली. खाली घडीच्या खुर्चीवर बसून, वॉशिंग मशीनकडे तोंड करून, माझा नवरा दूधभात खायचा. मग हात धुवायचा, तीनदा चूळ भरायचा, आणि जिन्यातून विचारायचा, "अगं, येऊ का वर?"

"साबण लावलात?"

"लावला बाई."

"मग या."

मला ह्याची मजा वाटायची. तीस वर्षांत प्रथमच हा माणूस माझी परवानगी विचारत होता. सासूबाईंना केवढं सुख होतं ते मला त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून कळलं.

गुढीपाडव्याला चार घरं सोडून राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आम्ही इराला घेऊन असल्या जेवणांना जात नसू. हे म्हणाले, "मी एकटा जाऊन येतो, सणाचं तोंड गोड करून." मीच म्हटलं, जा. दुपारी हे परत आले तेव्हा मी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होते. मोरी अडलेली, म्हणून ह्यांनी खाली सिंकवर हात साबणाने धुतले, आणि नेहमीसारख्या चुळा भरल्या. आपल्याकडे जेवण झालं की चूळ भरली म्हणजे तोंड स्वच्छ झालं. जन्मभराची सवय, माझीही तीच. चूळ तोंडाच्या आत पोचते. मिशीत लागलेल्या श्रीखंडापर्यंत पोचत नाही. एवढी साधी गोष्ट त्या सोवळ्याच्या राणीच्या, म्हणजे माझ्या, शंभर नियमांमध्ये नव्हती.

इरा धावत गेली. उजवा गाल, डावा गाल, मान. मला तिचं किंचाळणं ऐकू आलं आणि मी हसले. मग ती किंचाळी थांबली आणि खोकला सुरू झाला. मी बाहेर आले तोवर तिच्या गालांवर मिशीच्या आकाराच्या लाल गांधी उठल्या होत्या, एक डोळा सुजून मिटला होता, आणि ती हाताने स्वतःचा गळा धरत होती. अदितीने मांडीत इंजेक्शन टोचलं. तिचा हात एवढासाही हलला नाही, हे मला अजून आठवतं. समीर ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आला. दोन तासांनी इरा पलंगावर बसून कार्टून बघत होती, जीव वाचला होता, सूज उतरत होती. हे दाराशी उभे होते, हातात तिचा एक बूट. दुसरा धावपळीत कुठे पडला कुणास ठाऊक. समीर म्हणाला, "बाबा, इट्स ओके. ॲक्सिडेंट होता." अदिती म्हणाली, "बाबा, बसा ना तुम्ही." ह्यांनी बूट द्यायला हात पुढे केला. आणि मी, कुणी विचारलं नसताना, नर्सबाईंसमोर, लेकासुनेसमोर म्हणाले, "तिला हात लावू नका. पुन्हा कधी लावू नका."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिताना पेन थांबलं होतं. लिहिलं एकदाचं.

घरी आल्यावर मी तळघरातला फ्रीज बंद केला. दूध बंद, चहा काळा. तरी माझं समाधान होईना. हे सोफ्यावर बसले की मी इराला उचलून दुसरीकडे न्यायचे. तिला कळेल अशा भाषेत समजावलं, "आजोबांना शिवायचं नाही हं. आजोबा दुधाचे आहेत." पोर हुशार, एका दिवसात शिकली. ह्यांनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "अगं, आता तर मी थेंबभरही घेत नाही. दोनदा साबणाने तोंड धुतो. आता तर चालेल ना?" मी भांडी विसळत होते. वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "साठ वर्षांचं दूध मुरलंय तुमच्या अंगात. ते काय आठ दिवसांत जातंय?" मला तो टोमणा फार झकास जमला असं वाटलं होतं. संध्याकाळी अदितीला सांगूनही बघितला. ती हसली नाही. म्हणाली, "आई, असं नसतं. बाबा आता सेफ आहेत." पण तेव्हा मला सुनेपेक्षा, डॉक्टरपेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशी काढून. लग्नाच्या फोटोतही ती मिशी आहे. मी ह्यांचा वरचा ओठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पातळ, फिकट, कुणा दुसऱ्याच माणसाचा असावा तसा. इरा जमिनीवर ठोकळे रचत होती. हे तिच्यापासून चार हातांवर गुडघे टेकून बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि गाल पुढे करून म्हणाले, "बघ इरा, गेली. आता तू पापा घे. मी नाही शिवत."

इराने ठोकळे छातीशी धरले आणि मागे सरकली. "No, Ajoba. You're milky. Ask Aaji."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'घे गं पापा' म्हणू शकले असते. तीन शब्द. मी पोळी उलटली.

"बरोबर आहे तिचं," हे म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

ह्यांनी जूनचं तिकीट समीरकडून एप्रिलअखेरचं करून घेतलं. विचारलं तर म्हणाले, घर बंद आहे, नळाचं बघायला हवं, उन्हाळा सोसवत नाही तरी आंब्यासाठी जायलाच हवं. माझ्याविना सुनेचं हलणार नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं, म्हणून माझी मुदत आणखी सहा महिने वाढवून घेतली. फोनवर येईल त्याला मी हसत सांगायची, "म्हातारबुवा म्हशीच्या दुधासाठी पळाले हो! नातीपेक्षा दूधभात प्यारा." दर रविवारी ह्यांच्याशी बोलणं व्हायचं. मी विचारायची, "काय, झाला का दूधभात पोटभर?" पलीकडून उत्तर यायचं, "हो, झाला." मग हे विचारायचे, इरा काय करते, केक फुगला का, सूज पुन्हा आली नाही ना. फोन तिच्या कानाला लावला तर ती म्हणायची, "Hi Ajoba, bye Ajoba," आणि पळून जायची. हे तेवढ्यावर खूश.

जाता जाता सांगते. इरा सात वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्यात बसवून तिला चमचा-चमचा दूध पाजून पाहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत. काही झालं नाही. आता ती मोठी बाई झाली आहे, पिझ्झ्यावर जादा चीज मागवते, माझ्यासमोर आइस्क्रीमचा डबा चमच्याने खरवडून खाते आणि म्हणते, "आजी, तुझा तो जवसवाला केक मिस करते मी." मिस करते म्हणे. मी तोंड वळवते.

त्याच वर्षीची दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. दुपारी जेवून हे आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी फोन केला. मी आणि समीर मिळेल त्या विमानाने निघालो, तरी तिसऱ्या दिवशी पोचलो. दिवसपाण्याचं सगळं रीतसर सुरू झालं, आणि माणसांची ये-जा वाढली तसं चहाला दूध कमी पडायला लागलं. सकाळी दूध घालायला शांताबाई आल्या, आमच्याकडे वीस वर्षं रतीब घालणाऱ्या. मी म्हटलं, "शांताबाई, तेरा दिवस दोन लिटर घाला. मग पहिल्यासारखं अर्धा."

शांताबाईंनी किटली खाली ठेवली. "पयल्यासारखं कुठलं, वैनी? मास्तरांनी आल्या दिशीच रतीब बंद केला की."

"बंद? मग दूध कुठून घेत होते?"

"घेतच नव्हते. तूप नाय, ताक नाय, काय नाय. म्या इचारलं, मास्तर, पोट बिघडलं का? तर म्हनले, शांताबाई, नातीला चालत नाय. अंगात लई वर्सांचं मुरलंय, जायाला येळ लागनार. दिवाळी झाली की सा म्हैने भरत्यात, मग परत जानार तिकडं." त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "दिस मोजत होते हो."

मी पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. दुधावरचा फेस विरून गेला तरी उभीच होते. भूगोलाचे मास्तर, साठ वर्षांचं दूध सहा महिन्यांत जातं का, एवढं ह्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मी सांगितलं होतं ना. त्या घरात दुधाचं मलाच कळत होतं.

तेराव्याचा स्वयंपाक मी कुणाला करू दिला नाही. ह्यांची धाकटी बहीण सांगलीहून आली होती, ती म्हणत होती, "वहिनी, दादाला बासुंदी आवडायची, मी आटवते." मी नको म्हटलं. नारळ खवून, पिळून, नारळाच्या दुधाची खीर केली. वडे तेलात. भात, वरण, भाजी, सगळं सगळं नव्या भांड्यात. ह्यांच्यासाठी केळीचं पान मांडलं आणि मी वाढायला बसले. वन्सं तुपाची वाटी घेऊन मागून आल्या आणि भातावर चमचा तिरपा केला.

"वन्सं, नको!"

चमच्यातून एकच थेंब पडला. वरणाच्या कडेला, पानावर.

"अगं वहिनी, तुपाशिवाय पान? दादाला?"

"त्यांना चालत नाही. त्यांना इराला जवळ घ्यायचंय."

वन्सं मग वाकून पदराच्या टोकाने तो थेंब टिपायला लागल्या. "बरं, पुसते हं. हे बघ, गेलं."

"पुसून जात नाही ते," मी म्हटलं. "पान बदला."

त्यांनी ते वाढलेलं पान उचललं, बाहेर नेऊन ठेवलं. साबणाने हात धुतले, दोनदा. मी सांगितलं नव्हतं. मग दुसरं पान पुसून मांडलं, आणि आम्ही दोघींनी मिठापासून परत वाढायला सुरुवात केली.